शून्याचाही हिशेब देणारं गोवर पत्रक

मी बालरुग्ण विभागात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. ताप घेऊन आलेलं मूल इतरांसोबत बसवायचं की थेट वेगळ्या खोलीत न्यायचं, हे दाराशीच ठरवावं लागतं. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्यांना आजार देत असतं, त्यामुळे पुरळ दिसायची वाट बघण्यात अर्थ नसतो. आसपास गोवर फिरतोय हे कळलं, की नुसता ताप, खोकला आणि लाल डोळे असलेलं मूलही मी रांगेत बसू देत नाही. आणि हे मला कळतं ते आमच्या पूर्ण भागासाठी निघणाऱ्या साप्ताहिक गोवर देखरेख पत्रकातून. ही सेवा मी नियमित वापरते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

पत्रकातली सगळ्यात चांगली गोष्ट सहसा कुणी वाचत नाही. निश्चित रुग्णांच्या आकड्याशेजारी ‘तपासून बाद’ असा एक रकाना आहे. ताप-पुरळ होतं, संशयित म्हणून नोंद झाली, नमुना गेला आणि निकाल आला की हा गोवर नाही, रुबेलाही नाही. असे रुग्ण त्यात मोजलेले असतात. एखाद्या तालुक्यापुढे निश्चित रुग्ण शून्य दिसले तर मी आधी हा रकाना बघते. तिथेही शून्य असेल, तर त्या तालुक्यात गोवर नाही असं मी समजत नाही. तिथे कुणी शोधलंच नाही असं समजते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा की वर्षाला दर १ लाख लोकसंख्येमागे असे किमान २ बाद रुग्ण सापडायला हवेत. पाच लाख वस्तीच्या भागातून वर्षभरात दहा तरी यायला पाहिजेत. पुरळ उठवणारे विषाणू गोवराखेरीज कितीतरी आहेत, त्यामुळे लक्ष ठेवणाऱ्याला इतके सापडतातच. जिथे ही संख्या कमी पडते ती ओळ हे पत्रक वेगळ्या रंगात छापतं. स्वतःच्या यंत्रणेची कमजोरी अशी उघड दाखवायला धैर्य लागतं, आणि त्यासाठी मी या लोकांना मनापासून दाद देते.

आलेखही विचार करून काढलेला आहे. रुग्णांचे स्तंभ पुरळ उठल्याच्या तारखेप्रमाणे मांडलेले असतात, नोंद झाल्याच्या तारखेप्रमाणे नाही. फरक किरकोळ वाटेल, पण नोंदीच्या तारखेने काढलेला आलेख प्रयोगशाळेची गर्दी दाखवतो, आजाराचा प्रवास नाही. एका दिवशी साठलेले निकाल आले की तिथे उगाच उंच स्तंभ उभा राहतो आणि सगळ्यांची धावपळ होते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचे स्तंभ करड्या रंगात असतात आणि खाली ‘निकाल यायचे आहेत’ अशी ओळ असते. हे नसतं तर साथ उतरतेय असा समज दर आठवड्याला झाला असता, कारण अलीकडचे स्तंभ नेहमीच बुटके दिसतात.

नमुन्यांबद्दलची माहितीही उपयोगी आहे. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात आयजीएम (नव्या संसर्गात तयार होणारं प्रतिपिंड) बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून त्या दिवसांत घशाचा स्वॅबही पाठवायचा असतो. पत्रकात पुरळ आणि नमुना यांच्यामधले दिवस दिलेले असल्यामुळे नकारात्मक निकालावर कितपत विसंबायचं ते ठरवता येतं. उलट बाजूही आहे. गोवर जवळजवळ नाहीसा झालेल्या भागात एखादाच आयजीएम सकारात्मक आला, तर तो पुरळ उठवणाऱ्या पार्व्होव्हायरस या दुसऱ्या विषाणूमुळे किंवा नुकत्याच घेतलेल्या लशीमुळेही असू शकतो. अशा वेळी जनुकीय तपासणी होते. लशीतला विषाणू जीनोटाइप (म्हणजे जनुकीय प्रकार) ‘ए’ चा आहे, तर जगात सध्या फिरणारे बहुतेक ‘बी३’ आणि ‘डी८’ आहेत, त्यामुळे गोष्ट स्पष्ट होते.

जीनोटाइपचा रकाना मात्र पत्रकात बहुतेक वेळा रिकामा असतो. निकाल उशिरा येतात हे मला मान्य आहे, पण आल्यावर जुन्या अंकात भरले जात नाहीत, याचं वाईट वाटतं. बाहेरून नव्याने आलेला विषाणू कोणता आणि आधीपासून फिरणारा कोणता, हे दुसऱ्या कशाने कळणार? कॅनडाचं उदाहरण ताजं आहे. तिथे एकाच प्रकारच्या विषाणूची साखळी बारा महिन्यांहून अधिक चालली हे सिद्ध झालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या देशाचा गोवरमुक्त दर्जा गेला. त्यासोबत अमेरिका खंडांच्या पूर्ण विभागाचाही गेला.

खरी तक्रार वयोगटांबद्दल आहे. पत्रकात पहिला गट ‘० ते ४ वर्षे’ असा सरसकट आहे. गोवराची पहिली लस कुठे ९ महिन्यांना, कुठे १२ महिन्यांना मिळते. त्याआधीचं बाळ आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीवर असतं आणि ती हळूहळू ओसरत जाते. सात महिन्यांचं बाळ आणि लस चुकलेलं तीन वर्षांचं मूल यांना एका खान्यात टाकलं, तर लस वेळेवर देण्यात कमी पडलो की उद्रेकामुळे पहिला डोस अलीकडे आणायची वेळ आली आहे, हे कळणार कसं? रुग्णालयांना नावं काढून जी यादी मिळते तिच्यातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही : वय ७ महिने, डोस शून्य, संसर्गाचं ठिकाण दवाखान्याची प्रतीक्षा खोली. सार्वजनिक पत्रकात ही ओळ ‘० ते ४’ मध्ये मिसळून गेली.

नकाशाही सुधारायला हवा. तो रुग्णसंख्येवर रंगवला आहे, दर लाखामागे नाही. त्यामुळे मोठी शहरं कायम लाल आणि छोटी वस्ती कायम पांढरी. लसीकरणाचा आकडा तर पूर्ण भागासाठी एकच दिलेला आहे. साखळी तोडायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळालेले असावे लागतात, आणि ही सरासरी गाठलेल्या भागातही एखादी वस्ती ६० टक्क्यांवर असू शकते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआत २०१८ साली बालकांच्या गोवर लसीकरणाचं प्रमाण साधारण ३१ टक्क्यांपर्यंत घसरलं होतं. रुग्ण नव्हते, म्हणून सगळं शांत दिसत होतं. पुढच्या वर्षी जेमतेम दोन लाखांच्या त्या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण आणि ८३ मृत्यू झाले, त्यात बहुतेक लहान मुलं. रुग्णांच्या आकड्याशेजारी गावनिहाय डोसचा आकडा छापा, एवढं माझं मागणं आहे.

संपर्क शोधाचा तक्ता पाहिला की मला पीटर पानुम आठवतो. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर आला, तेव्हा तिथल्या ७,७८२ माणसांपैकी सुमारे ६,००० आजारी पडली. या तरुण डॅनिश डॉक्टरकडे ना प्रयोगशाळा होती ना लस. गावोगाव जाऊन, कोण कुणाला कधी भेटलं आणि पुरळ कधी उठलं, एवढंच त्याने टिपलं. त्यातून संपर्कापासून पुरळापर्यंत साधारण १४ दिवस जातात हे निघालं. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा होत नाही, हेही निघालं. आमच्या तक्त्यात पुरळाआधीचे ७ ते २१ दिवस तसेच विचारले जातात, आणि तो भाग या सेवेत उत्तम भरलेला असतो. कोणती लग्नं, कोणत्या शाळा, कोणता बसप्रवास, सगळं तारखेसह.

पाचपैकी चार तारे. बालरोगतज्ज्ञ, शाळांच्या परिचारिका, आशाताईंसारख्या घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या, सगळ्यांनी नाव नोंदवावं. वयोगटात ‘६ महिन्यांखाली’, ‘६ ते ८’ आणि ‘९ ते ११ महिने’ असे तीन खाने वाढवले, तर पाचवा तारा मी लगेच देईन. माहिती यादीत आधीपासून आहेच, फक्त छापायची आहे.