गुडघ्याची कोणती वाटी बसवायची? सोलापुरात ठरवण्याआधी

आपल्याकडे ‘वाटी बदलायची’ म्हणतात खरं, पण पुढची वाटी बऱ्याचदा तशीच ठेवतात. बदलतात ती घासणारी टोकं: मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक आणि मधे पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची चकती.

पहिला प्रश्न कंपनीचा नाही, अर्धा की पूर्ण हा आहे. झीज फक्त आतल्या बाजूला असेल, एसीएल (गुडघ्याच्या आत हाडं बांधून ठेवणारा पुढचा पट्टा, म्हणजे लिगामेंट) शाबूत असेल आणि वाकलेला पाय डॉक्टरांच्या हाताने सरळ होत असेल, तर अर्धा गुडघा चालतो. हाड कमी कापलं जातं, चालही नैसर्गिक वाटते. मात्र त्याची चकती सरकणारी असेल तर ती निसटण्याचा धोका धरावा लागतो. विडी वळायला वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेली बाई दुखणं अंगावर काढून उशिरा येते, तेव्हा अनेकदा दोन्ही बाजू गेलेल्या असतात. मग पूर्णच.

पूर्ण गुडघ्यात खरा वाद पीसीएल (तसाच मागचा पट्टा) ठेवायचा की काढायचा, हा. त्याचं मूळ इतिहासात आहे. 1890 मध्ये बर्लिनच्या ग्लुक यांनी हस्तिदंताची बिजागरी बसवली. ती जंतुसंसर्गाने फसली. 1950 च्या दशकातल्या धातूच्या बिजागऱ्या सैल पडत, कारण गुडघा नुसता दुमडत नाही, वळतोही, आणि तो सगळा पीळ धातू हाडाला चिकटवणाऱ्या सिमेंटवर येई. 1974 च्या ‘टोटल काँडायलर’ने बिजागरी काढून टाकली. पण त्यात पीसीएल काढलेला असल्याने पाय दुमडताना मांडीचं हाड मागे सरकेना, आणि दुमडणं साधारण 90 अंशांवर अडायचं. म्हणून 1978 मध्ये चकतीवर मधोमध खुंटी आणि टोपीत तिला अडणारा आडवा दांडा आला. तोच आजचा पीएस: पीसीएल काढून त्याचं काम खुंटीवर सोपवणारा.

सीआर या दुसऱ्या प्रकारात पीसीएल राहतो आणि टोपीसाठी हाडात खोबण कोरावी लागत नाही. पण तो ताणलेला राहिला तर गुडघा आखडतो व चकतीची मागची कड झिजते; पुढे कधी तुटला तर सांधा डगमगतो. पीएसमध्ये खुंटी झिजू शकते, आणि जुन्या बनावटींत पाय सरळ करताना वाटीमागे वाढलेली मांसल गाठ टोपीच्या खोबणीत अडकून ‘टक्’ व्हायचं. पाय फार वाकडा असेल किंवा सूज आणणारा संधिवात (रुमॅटॉइड) असेल, तर पीएस घ्यावा. सौम्य झिजेत दोन्ही ठीक. सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो घ्या.

सरकती चकती की स्थिर? कागदावर सरकती कमी झिजते, पण रुग्णांत ठळक फरक दिसलेला नाही. लिगामेंटचा ताण नीट जमला नाही तर ती फिरून निसटते. जास्त पैसे मोजण्याचं कारण दिसत नाही.

‘हाय-फ्लेक्स’चं, म्हणजे जास्त दुमडण्यासाठी बनवलेल्या गुडघ्याचं, आकर्षण मांडी घालण्याचं असतं. त्यात मागून 2-3 मिमी हाड जास्त कापतात. पण नंतर पाय किती दुमडेल हे बहुतेक आधी किती दुमडत होता यावरच ठरतं. 2017 च्या सरकारी कमाल दरात साधा कोबाल्ट-क्रोम संच 54,720 रुपयांचा आणि हाय-फ्लेक्स 56,490 चा होता, जीएसटी वेगळा. मर्यादा पुढे बदलत गेल्या, पण फरक लाखाचा सांगितला तर बिलाची फोड मागा. टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमची मर्यादा 76,600 होती. निकेलची खरी ॲलर्जी असेल तर या दोन धातूंचा विचार करा. ‘गोल्ड नी’त सोनं नसतं, पिवळा नायट्राइडचा थर असतो.

प्लॅस्टिकबद्दल मात्र खोदून विचारा. पूर्वी चकत्या हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्या कपाटातच ऑक्सिडाइज होऊन ठिसूळ व्हायच्या आणि सांध्यात पापुद्रे सुटायचे. आता ऑक्सिजनविरहित पाकिटं आणि क्रॉसलिंक्ड (आतल्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं) प्लॅस्टिक आहे.

शस्त्रक्रियेनंतर खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या: कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर. पुढे फक्त चकती बदलायची वेळ आली तर त्याच मॉडेलची, त्याच मापाची लागते. नंबर हाताशी नसेल तर घट्ट बसलेले धातूचे भागही उपटावे लागू शकतात.