तिसरा स्वर ऐकायचा असेल तर पुढे बसावे

रत्नागिरीतील एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत गेल्या आठवड्यात दोन रेकॉर्डरवादकांचा कार्यक्रम झाला. सोळाव्या शतकापासून आजपर्यंतच्या, मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवण्याच्या रचना त्यांनी दीड तास सादर केल्या. रेकॉर्डर हे युरोपातील लाकडी सुषिर वाद्य असून त्याची जात आपल्या अलगुजाची आहे. पुढे सात छिद्रे, मागे अंगठ्यासाठी एक, आणि मुखाशी बसवलेल्या लाकडी बुचामुळे फुंक एका अरुंद फटीतून आपोआप धारेवर जाते. बासरीप्रमाणे ओठांचा कोन साधावा लागत नसल्याने स्वर पहिल्या दिवशीही निघतो, आणि त्यामुळेच हे मुलांचे वाद्य समजले जाते. प्रत्यक्षात फुंकीचा जोर वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. त्यामुळे दोन रेकॉर्डर सतत एकमेकांच्या सुरात ठेवणे हे फार कठीण काम आहे.

या दोघांनी ते ज्या निष्ठेने केले, त्यासाठी हा कार्यक्रम ऐकावा. ऑर्लांदो दी लासो यांच्या १५७७ साली छापलेल्या दोन सुरावटींच्या रचनांपासून त्यांनी सुरुवात केली. दोन्ही वाद्ये षड्ज-गंधारावर स्थिरावली तेव्हा पडवीत तिसरा, खोल स्वर स्पष्ट ऐकू आला, जो कोणीच वाजवत नव्हते. तंबोऱ्यातील स्वयंभू गंधार आपल्या परिचयाचा आहे, पण तो तारेच्या नादातच असतो. हा तिसरा स्वर मात्र दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या फरकातून ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. षड्ज ८०० आणि गंधार १००० कंपनांचा असेल, तर कानाला २०० कंपनांचा, म्हणजे दोन सप्तके खालचा षड्ज मिळतो. गंधार हार्मोनियमइतका किंचित चढा लागला, तरी हा खालचा षड्ज जागेवरून ढळतो. तो ढळला नाही, यातच वादकांच्या तयारीची परीक्षा झाली. माझ्या शेजारी बसलेल्या, आयुष्यभर भजनाला पेटीची साथ केलेल्या काकांनी हळूच विचारले, “खालून कोण सूर देतोय?” पंखे बंद ठेवण्याची वादकांची विनंती काहींना जाचक वाटली, परंतु तिचे कारण येथे पटले.

मध्ये एका वादकाने एकट्याने याकोब फान आयक यांची रचना वाजवली. उट्रेख्त शहरातील हे अंध घंटावादक होते. संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांचे आपल्या लहानशा बासरीने अधूनमधून रंजन करावे, या अटीवर १६४९ मध्ये त्यांचा पगार वाढवण्यात आला होता. ओळखीच्या चालीवर दर फेरीत अधिकाधिक बारीक स्वरसमूह रचत जाण्याची त्यांची पद्धत आपल्या कानाला मुळीच परकी वाटत नाही.

टेलेमान यांच्या १७३८ च्या कॅनन सोनाटांपैकी एक ही संध्याकाळची सर्वांत मोठी रचना होती. त्या मुळात आडव्या बासऱ्यांसाठी किंवा व्हायोलिनसाठी लिहिलेल्या असल्याने रेकॉर्डरवर सहसा तीन अर्धस्वर चढवून वाजवतात. कॅननमध्ये पहिला जे वाजवतो तेच दुसरा थोड्या अंतराने जसेच्या तसे वाजवतो. आपल्याकडील डबलबारीत एक बुवा दुसऱ्यावर मात करायला बघतो. येथे दुसऱ्याला एकही शब्द बदलण्याची मुभा नाही, आणि तरीही पहिल्याचे नवे वाक्य व दुसऱ्याचे जुने वाक्य जुळून संवाद तयार होतो. दुर्दैवाने नेमक्या याच वेळी, मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून, आयोजकांनी ध्वनिक्षेपक सुरू केला. डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन आवाज एकाच कर्ण्यातून येऊ लागले, कोण पुढे आणि कोण मागे हे कळेना, आणि रचनेचा प्राणच हरवला. तीस-चाळीस श्रोत्यांसाठी ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या असत्या तर पुरले असते.

आजच्या काळातील रचनेत फुंकताना गुणगुणणे, जीभ थरथरवणे असे प्रयोग होते. ते कौशल्याने झाले, पण आधी दोन वाक्यांची ओळख करून दिली असती तर श्रोते गोंधळले नसते.

किनाऱ्यावरील दमट हवेत फुंकीची फट पाण्याने वारंवार भरत होती आणि आवाज घोगरा होत होता. दर रचनेनंतर वादक ती फुंकून मोकळी करत, वाद्य काखेत धरून ऊबदार ठेवत आणि मगच पुन्हा सूर जुळवत. या थांबण्याचा कंटाळा न करता दुसऱ्या रांगेच्या आत जागा धरावी. दोनशे रुपयांच्या तिकिटात सगळ्या जागा सारख्याच मिळतात, ऐकू मात्र सारखे येत नाही.