स्तोत्रे यादी पाहून वाचावीत की तारीख पाहून?

स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला दीडशे स्तोत्रांचा संग्रह, रोज वाचायची असे ठरले की दोन वाटा समोर येतात. एक यादीची: भीती वाटते तर ९१वे स्तोत्र, अपराध सलतो तर ५१, आभार मानायचे तर १०३, झोप येत नाही तर ४. दुसरी तारखेची: दीडशेच्या दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ धरून साठ भागांत वाटलेली, आणि आज जी तारीख असेल तो भाग उघडायचा. ही वाटणी इंग्लंडच्या चर्चच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आली आहे, पण ती वापरायला पंथ आड येत नाही. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, तरी यादी टाकाऊ आहे असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही.

मिस्सेतल्या (चर्चमधल्या रोजच्या उपासनेतल्या) दिवसाच्या स्तोत्राची तिसरी वाटही आहे. ते पहिल्या वाचनाला जुळेल असे निवडलेले असते आणि बहुधा त्यातली काही वचनेच म्हटली जातात. रोज मिस्सेला जाणाऱ्यांनी घरी येऊन तेच स्तोत्र पूर्ण वाचावे, फार चांगले. मात्र घरच्या नेमाला तेवढे पुरत नाही, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

यादीची बाजू आधी. गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात कुणाच्या उशाशी बसून रात्र काढायची आहे, तिथे 'आज अठरा तारीख, म्हणून ९३ आणि ९४' हे चालत नाही. माणूस गळून गेलेला असताना लहान, ओळखीचे, निम्मे पाठ असलेले स्तोत्र लागते. त्यासाठी पाच-सहा स्तोत्रे हाताशी असली की पुरे: २३ (सहा वचने), १२१ (आठ), १३० (आठ), ४ (आठ), १३१ (तीनच) आणि आजाऱ्याला ऐकायची ताकद असेल तर १०३. जहाजावर गेलेल्या तारवटीच्या (खलाशाच्या) घरी १०७ मधला २३ ते ३० हा तुकडा कागदावर लिहून ठेवण्यासारखा आहे. त्यात वादळात सापडलेले खलाशी आहेत, लाटांबरोबर वर जाणारे आणि खाली येणारे, दारुड्यासारखे झोकांड्या खाणारे, आणि शेवटी इच्छिलेल्या बंदराला लागणारे. ज्याचे माणूस समुद्रावर आहे त्याला यापेक्षा नेमके काही सापडणे कठीण.

पण बहुतेक याद्या स्तोत्र देत नाहीत, वचन देतात, आणि तिथे पहिली गडबड होते. 'धीर धरा' या मथळ्याखाली २७:१ आणि २७:१४ (२७व्या स्तोत्राचे पहिले आणि चौदावे वचन) येतात. मधली ७ ते १२ गळतात. तिथेच बोलणारा सांगतो की तू तोंड फिरवू नकोस, आईबापांनी टाकले तरी तू टाकू नकोस, खोटे साक्षीदार माझ्यावर उठले आहेत. ते सगळे सांगून झाल्यावर 'परमेश्वराची वाट पाहा' येते, म्हणून त्या ओळीला वजन आहे. ४० चे तसेच. चिखलातून वर काढून खडकावर उभे केल्याची सुरुवात यादीत असते. बाराव्या वचनात संकटांनी घेरल्याचे, अपराध डोक्यावरच्या केसांहून जास्त झाल्याचे आणि शेवटी 'उशीर लावू नकोस' अशी विनवणी केल्याचे नसते. एकदा सुटलेला माणूस पुन्हा अडकतो आणि पुन्हा हाक मारतो, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

यावर उपाय सोपा आहे: यादीत वचन काहीही असो, स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. तेवढ्याने यादी बरीच सुधारते. तरीही एक गोष्ट उरते, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लागला. यादी रोज सकाळी विचारते, 'आज तुला काय होते आहे?' याचे उत्तर देणे हेच अनेकदा सगळ्यात जड काम असते. मन उदास आहे की नुसते थकलेले, राग आहे की भीती, हे पहाटे सहाला कुणाला नीट सांगता येते? मग बोट सवयीने २३, ९१, १२१ यांच्यावरच पडते. दहा मिनिटांतली चार पाने उलटण्यात जातात, आणि काही महिन्यांनी लक्षात येते की दीडशेतली वीसच स्तोत्रे वापरात आहेत. शिवाय आपण निवडतो तेव्हा आपल्या मनाला होकार देणारेच निवडतो. घाबरलेला माणूस रोज ९१ वाचतो आणि रोज भीतीपासूनच सुरुवात करतो. दुसऱ्यांचे तसे होत नसेलही, पण मला हे फार खुपले.

तारखेचा क्रम हा प्रश्न विचारतच नाही. हरिपाठाचा नेम असलेल्या घरात आज कोणता अभंग मनाला बरा वाटेल याची चर्चा होत नाही, तसेच हे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख पाहायची आणि बसायचे. सकाळी एक भाग, संध्याकाळी एक. भाग सरासरी चाळीसेक वचनांचा, मोठ्याने वाचला तर सात-आठ मिनिटांचा. संध्याकाळी घरात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) असते तिथे तेर्स झाल्याबरोबर तिथेच बसल्या जागी वाचावा. जेवणानंतर ठेवला की राहतोच.

आणि क्रमाने जे शेजार घडतात ते कुठल्याच यादीत मिळत नाहीत. चार तारखेची संध्याकाळ पाहा: २२ आणि २३ एकत्र. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' इथून सुरू होणारी एकतीस वचने संपतात आणि पान न उलटता मेंढपाळाचे स्तोत्र सुरू होते. यादीने २३ शेकडो वेळा वाचायला दिलेले असते, २२ शिवाय. २२ वाचून आल्यावर मृत्युच्छायेची दरी हा अलंकार राहत नाही. सतरा तारखेची सकाळ याहून कठीण. तिथे ८६ ते ८८ येतात, आणि ८८ हे सबंध संग्रहातले सगळ्यात काळोखे स्तोत्र. बाकीच्या बहुतेक विलापांत कुठेतरी वळण असते, यात ते नाही, शेवटचा शब्दही अंधाराचाच. याद्यांत ते सहसा नसते. पण ज्याच्यावर खरोखर तशी वेळ आली आहे त्याला आपले म्हणणे पवित्र शास्त्रात जसेच्या तसे सापडणे हाही मोठा आधार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ९० ते ९२ येतात, म्हणजे त्यात ९१ आलेच. ते आपण निवडलेले नसते, त्यामुळे मला तरी ते जास्त खरे लागते.

मन ठीक असलेल्या दिवशी विलाप समोर आला तर काय करायचे, असे विचारले जाते. तो दुसऱ्यासाठी म्हणायचा. १३ घ्या: सहाच वचने, पहिल्या दोनांत 'किती काळ' चार वेळा, मग दोन वचने मागणे, मग दोन वचने भरवसा. आपल्या ओळखीतल्या ज्याला आज हे म्हणायचे त्राण नाही त्याचे नाव मनात धरून वाचले की ते परके वाटत नाही.

नेम कुठे मोडतो तेही माहीत असावे. पंधराची संध्याकाळ (७८, बहात्तर वचने), एकवीसचा अख्खा दिवस (१०५ आणि १०६, इस्राएलाचा इतिहास) आणि चोवीसच्या संध्याकाळपासून सव्वीसपर्यंत पसरलेले ११९, या तीन ठिकाणी माणसे सोडून देतात. ७८ अर्धेच वाचा, चालते. ११९ मध्ये आठ-आठ वचनांची बावीस कडवी आहेत. घाई असेल त्या दिवशी दोनच कडवी घ्या. एक नियम मात्र पक्का ठेवा: चुकलेला भाग भरून काढायचा नाही. थेट आजच्या तारखेला यायचे, राहिलेले पुढच्या महिन्यात भेटते. बाकी साठत गेली की आठवड्यात नेम बंद पडतो. एकतीस तारखेला तीसचाच भाग पुन्हा, किंवा त्या दिवशी खुशाल यादी उघडा.

शापाची, म्हणजे शत्रूंचे वाईट मागणारी, स्तोत्रे मुलांसमोर अडचण करतात: अकराच्या सकाळी ५८, बावीसच्या संध्याकाळी १०९, अठ्ठावीसच्या संध्याकाळी १३७ ची शेवटची वचने. कॅथलिक चर्चच्या आजच्या प्रहरप्रार्थनेतून (दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांतून) ५८, ८३ आणि १०९ पूर्णपणे वगळलेली आहेत, तेव्हा घरात ती गाळली तर मनाला लावून घेऊ नये. एकट्याने वाचताना मी ती ठेवतो. राग देवापुढे टाकला की तो शेजाऱ्यावर निघत नाही.

गोव्यात आणखी एक घोटाळा हमखास होतो तो क्रमांकांचा. आजीच्या कपाटातले जुने लॅटिन किंवा पोर्तुगीज प्रार्थनापुस्तक आणि आजचे मराठी बायबल यांचे आकडे जुळत नाहीत. मेंढपाळाचे स्तोत्र २२ वर सापडले तर ते पुस्तक जुन्या क्रमांकांचे समजा. त्यात १० ते ११२ आणि ११६ ते १४५ यांत एक मिळवला की आजचा क्रमांक येतो. पहिली आठ आणि शेवटची तीन दोन्हीकडे सारखी. वचनांचेही तसेच: काही आवृत्त्या स्तोत्राचा मथळाही वचन म्हणून मोजतात, म्हणून शुद्ध हृदयाची विनंती ५१:१० ला न सापडता ५१:१२ ला सापडते. तारखेने पूर्ण स्तोत्रे वाचणाऱ्याला निदान या दुसऱ्या गोंधळाचा त्रास नाही.

दोन भाग जड वाटत असतील तर मधला मार्ग आहे. तारखेत तीस-तीस मिळवत गेले की पाच स्तोत्रे मिळतात, तेराला १३, ४३, ७३, १०३ आणि १३३, आणि त्यांतले एक वाचायचे. निवड आहे, पण पाचांतलीच. नोकरी करून मडगाव-पणजी बसमध्ये वाचणाऱ्यांना मी हेच सुचवेन. एकोणतीसच्या पाचांत ११९ आहे, त्या दिवशी दुसरे घ्या.

सुरुवात एक तारखेलाच हवी असे नाही. एकवीस ते सव्वीस टाळा आणि सत्तावीसला बसा. सकाळी १२० ते १२५, संध्याकाळी १२६ ते १३१, सगळी यात्रेकरूंची स्तोत्रे, एकही नऊ वचनांच्या पुढे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी १३२ जरा लांबेल, मग पुन्हा १३३ तीनच वचनांचे.