१६ तासांत ३० गोळ्या

लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचं कार्ड पोस्टाने येऊन तीन आठवडे झाले, पण पिस्तूल अजून घरातल्या तिजोरीतच आहे. परवान्यासाठी केलेला क्लास टाकाऊ होता असं नाही. तो संपल्यावर मला काय काय येत नाही, याचा अंदाज आला, म्हणून.

मी फार्मासिस्ट. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात औषधांच्या छोट्या खासगी दुकानात काम करते आणि आठवड्यातून तीन रात्री दुकान मीच बंद करते. मागच्या हिवाळ्यात मागच्या दाराशी एकाने गाठलं. एक हात जॅकेटच्या खिशात. गोळ्या दे म्हणाला. कुठल्या, ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या लॉण्ड्रीतून कुणीतरी बाहेर आलं आणि तो पळाला. परवान्याचा विचार त्या रात्रीपासूनचा. नवऱ्याचा विरोध होता, अजूनही आहे.

आमच्या इलिनॉय राज्यात आधी फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र लागतं, आणि लपवून पिस्तूल बाळगायचं तर वर १६ तासांचं प्रशिक्षण. एवढे तास मागणारी राज्यं मोजकीच. शेजारच्या इंडियानात १ जुलै २०२२ पासून परवानाच लागत नाही. लागायचा तेव्हाही प्रशिक्षणाची अट नव्हती. त्यामुळे माझी समजूत अशी की आपलं राज्य कडक, दोन दिवस मन लावून बसलं की झालं.

शनिवार-रविवार, रोज आठ तास. क्लासची फी २२५ डॉलर, राज्याची १५० वेगळी. नेमबाजीच्या रेंजच्या वरच्या मजल्यावर खोली, खालून दिवसभर ठो ठो. आम्ही अकरा जण: एक निवृत्त पोस्टमन, रात्रपाळी करणारी एक तरुण नर्स, एक नवराबायको, बाकी पंचविशीतली मुलं. मास्तर निवृत्त पोलीस. माणूस भला, आवाज खणखणीत. पण पहिल्या दिवशीचे दोन तास त्यांनी स्वतःच्या नोकरीतल्या गोष्टी सांगण्यात घालवले. गोष्टी रंगतदार होत्या, तरी मध्येच घड्याळाकडे जाणारी त्यांची नजर मी पाहिली. कायद्याने तास ठरवून दिलेत ना, मग ते भरायला हवेत.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र पैकीच्या पैकी गुण. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजायचं. ज्याचा नाश व्हायला नको त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. आणि नेमापलीकडे काय आहे ते बघायचं. हे चार नियम त्यांनी दोन दिवसांत इतक्यांदा म्हणून घेतले की मी झोपेतही म्हणेन. एका मुलाने रिकामं पिस्तूल दाखवायला सहज हात फिरवला, तर त्याला खोलीबाहेर उभं केलं. अकराच्या अकरा जण एकदम शाळकरी झालो.

कायद्याचा भाग रविवारी सकाळी होता, आणि क्लासमधला सर्वांत कसदार तो. पिस्तूल कुठे नेता येत नाही याची यादी फळ्यावर लिहीत गेले: शाळा, ग्रंथालय, सार्वजनिक बाग, हॉस्पिटल, सरकारी पैशावर चालणारी बस आणि ट्रेन, निम्म्याहून जास्त कमाई दारूवर होते असे बार. नर्सने वही मिटली. ती ट्रेनने हॉस्पिटलला जाते आणि ट्रेननेच परत येते. भीती वाटते ती नेमकी त्याच वाटेवर, आणि दोन्ही टोकं, मधला प्रवास, सगळंच यादीत. "आधी कळलं असतं तर," एवढंच म्हणाली. मास्तरांनाही काही सुचलं नाही. नाव नोंदवण्याच्या फॉर्मवरच ही यादी छापावी, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे.

मग रेंज. कायद्याला हव्यात ३० गोळ्या: ५ यार्डांवरून १०, ७ वरून १०, १० यार्डांवरून १०. त्यातल्या ७० टक्के, म्हणजे २१, कागदावर लागल्या की पास. कागद म्हणजे माणसाएवढी काळी आकृती. ५ यार्ड म्हणजे साडेचार मीटर. एवढ्या अंतरावरून चुकणंच अवघड. माझ्या २८ लागल्या. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "तो कागद पळत होता का?"

मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता.

पाच मिनिटं मात्र सोन्यासारखी मिळाली. माझ्या गोळ्या खाली जातात हे पाहून मास्तरांनी मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या पेटीत, माझ्या नकळत एक खोटं काडतूस घातलं. दोन बार उडाले, तिसऱ्याला नुसतं खट् वाजलं, आणि धक्का बसलाच नसताना माझी नळी इंचभर खाली गेली. धक्का येणार म्हणून हात आधीच घाबरतो. ही खोड तोंडाने सांगून पटत नाही, डोळ्यांनी पाहावी लागते. पुढच्या चार गोळ्या जागेवर गेल्या. असा अर्धा तास मिळाला असता तर! पण मागे रांग होती, आणि आपल्या वाट्याची रेंज चाळीस मिनिटांत उरकली.

त्याच चाळीस मिनिटांत नको ते घडता घडता राहिलं. शेजारच्या लेनमधल्या बाईंच्या मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमध्ये उडालेली काडतुसाची गरम पुंगळी शिरली. चटका बसताच त्या ओरडून गर्रकन वळल्या, हातात भरलेलं पिस्तूल, बोट चापाच्या आसपास. मास्तरांनी झेप घेऊन मनगट धरलं. ही बाई दहा मिनिटांनी पास झाली. मीही झाले. दोघींची कागदपत्रं सारखीच.

पिस्तूल कमरेला लावायच्या त्याच्या पाकिटातून बाहेर काढणं आम्हाला एकदाही करायला मिळालं नाही. रेंजचा नियमच तसा, अपघात होतात म्हणून. पण परवाना लपवून बाळगण्याचा आहे! इथे वर्षातले पाच महिने अंगावर जाड कोट असतो, चेन ओढलेली, हातात मोजे. पुढच्या महिन्यात मी दुसरीकडे चार तासांच्या क्लासला गेले, निळ्या प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलावर. पहिल्या सहा वेळा कोटाची कडच हातात आली. सातव्यांदा पिस्तूल आलं, पण नळी माझ्याच मांडीकडे. नंतर प्रसंग उभे केले: समोरचा खिशातून हात काढतो, कधी सुरा, कधी फोन. फोनवर मी दोनदा गोळी झाडली. मागच्या दाराशी उभा होता त्याच्या खिशात काय होतं, मला अजून माहीत नाही.

पोस्टमनकाकांचं म्हणणं वेगळं होतं. अटी वाढवल्या की पैसेवाले आणि सुट्टी मिळणारेच परवाना काढणार. ज्याला रात्री दोनला चालत घरी जावं लागतं त्याला ना वेळ, ना पैसा. खरं आहे ते. ती नर्स दोन पाळ्या सोडून आली होती. २३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासाठीची न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली, तेव्हा त्या राज्याने १६ तास वर्गात आणि २ तास रेंजवर असं प्रशिक्षण लावलं. रेंजचे तास निदान वेगळे मोजले हे बरं वाटतं. आमचेही १६ चे २४ करा असं मी म्हणणार नाही, गोष्टी आणखी रंगतील एवढंच. आहेत त्यातलेच सहा तास निळ्या पिस्तुलाला आणि प्रसंगांना द्या. आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाला फक्त ३ तास? माझा फार्मासिस्टचा परवाना टिकवायला मला दर दोन वर्षांनी ३० तास शिकावं लागतं. सोळा वर्षांची लेक गाडी शिकते आहे, तिच्या वहीत ५० तास भरायचेत, त्यातले १० रात्रीचे, आणि प्रत्येक तासाला सही माझी.

तर क्लासला पाचपैकी तीन. कायदा आणि शिस्त यांसाठी जरूर जा, मास्तरांना खोट्या काडतुसाचं आवर्जून विचारा, पास झालात म्हणून तेवढ्यावर थांबू नका. नाव घालण्यापूर्वी आपली रोजची वाट त्या यादीतून सुटते का, ते पाहा. आणि रविवारी गळाबंद टी-शर्ट घाला.