लातुरातील इंग्रजी वृत्तपत्रवाचनाचा वर्ग : एक अभिप्राय

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी लातुरात सायंकाळी चालणाऱ्या या वर्गात व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवून थेट इंग्रजी बातम्याच वाचायला घेतात, आणि त्यातही ‘हिट’ या एकाच क्रियापदावरचा तास विशेष उल्लेखनीय आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या बातमीत ‘हिट’ म्हणजे तडाखा बसणे. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते ‘ड्रॉट-हिट’, अर्थात दुष्काळग्रस्त. सोयाबीनचा भाव नीचांक ‘हिट’ करतो, तेव्हा तो गाठतो (हा अनुभव इथल्या शेतकऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही). आंदोलक ‘हिट द स्ट्रीट्स’ म्हणजे रस्त्यावर उतरतात, तर सरकारवर ‘हिट्स आउट’ करणारा नेता हात न उचलता नुसतीच टीकेची झोड उठवतो. घडून गेलेल्या घटनेलाही मथळ्यात वर्तमानकाळ वापरतात आणि ‘हिट’चे भूतकाळी रूपही ‘हिट’च असते, त्यामुळे होणारा गोंधळ शिक्षक उदाहरणांसह दूर करतात. छापील टिपणे मात्र पुसट आहेत. लेखनाचा सरावही जवळजवळ होत नाही, म्हणून निबंधाच्या तयारीसाठी येणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी तशी स्पष्ट विचारणा करावी.