व्यापारी दाव्याआधीची मध्यस्थी : हजार रुपयांत काय मिळतं?

तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी दावा असेल आणि न्यायालयाकडून तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर आधी मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावीच लागते. व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२अ तसं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही पायरी सक्तीची ठरवली, त्यामुळे ती गाळलेला दावा फेटाळला जातो. खोटी तातडी दाखवून पळवाट काढणंही महागात पडतं.

अर्ज नमुना १ मध्ये, शुल्क १,००० रुपये. खरी गोची नोटिशीत होते. समोरच्याचा पत्ता जुना असला की ती परत येते आणि महिना वाया जातो. म्हणून जीएसटी नोंदणीवरचा पत्ता आणि ईमेल दोन्ही द्या. दुसऱ्या नोटिशीलाही उत्तर आलं नाही, तर 'मध्यस्थी सुरूच झाली नाही' असा अहवाल मिळतो. तो दाव्याला जोडा.

बैठक झालीच, तर मध्यस्थीचं शुल्क दोघांत निम्मं-निम्मं. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ दावा लावण्याच्या कायदेशीर मुदतीत धरत नाहीत, हा मोठा दिलासा. कंपन्या मात्र हमखास अधिकार नसलेला कारकून पाठवतात, मग 'साहेबांना विचारून सांगतो' यातच बैठक संपते. अधिकारपत्र आधीच मागा.

तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. फक्त हप्त्यांच्या तारखा आणि चुकल्यास व्याज लिहून घ्या.

उधारी वसुलीसाठी: पाचपैकी साडेतीन गुण.