ऑइल लीक शोधायचा यूव्ही डाय किट: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव (गाडी १९९२ ची मियाटा)

किट म्हणजे इंजिन ऑइलमध्ये टाकायच्या डायची (यूव्ही म्हणजे अतिनील उजेडात चमकणाऱ्या रंगाची) छोटी बाटली, एक यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा, बस. गाडी १९९२ ची माझ्दा मियाटा, १.६ लिटरचं बी६ इंजिन (इकडे अमेरिकेत मियाटा म्हणतात, जपानात हीच युनोस रोडस्टर). जुनी मियाटा असलेल्या प्रत्येकाने हा किट घ्यावा असं माझं स्पष्ट मत झालंय, का ते सांगतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेलहाउसिंगच्या खालून ऑइल टपकत होतं. एका शॉपमध्ये दाखवली, त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च मारला आणि म्हणाले रिअर मेन सील (क्रँकशाफ्टचं मागचं सील) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील स्वस्तच असतं हो, पण गिअरबॉक्स काढायची मजुरी ऐकून कुणीही विचारात पडेल. आणि मला ते निदानच पटेना, कारण ऑइल नेहमी वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना खालून जाणारी हवा ते आणखी मागे ढकलते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच लीक असेल असं अजिबात नसतं. त्यात या इंजिनाचं एक ठरलेलं दुखणं आहे. सिलिंडर हेडच्या अगदी मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट किती फिरला ते सांगणारा सेन्सर) बसतो आणि त्याच्यावर एकच रबरी ओ-रिंग असते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, मग तिथून ऑइल पाझरतं, हीटरच्या होजवर पडतं, हेडच्या मागून उतरतं आणि बरोब्बर बेलहाउसिंगवर येतं, म्हणजे खालून बघणाऱ्याला रिअर मेन सीलच वाटणार.

डाय टाकायच्या आधी इंजिन धुणं सगळ्यात महत्त्वाचं, हे बाटलीवर कुठेतरी बारीक अक्षरात असतं. डिग्रीजर आणि ब्रश घेऊन मागची बाजू, ब्लॉक, पॅनची कड सगळं स्वच्छ केलं, सेन्सर आणि कनेक्टरवर प्लास्टिक बांधून. जुना चिकटा राहिला तर ताजं ऑइल त्यातूनच पसरतं आणि सुरुवात कुठे झाली ते कळतच नाही. मग डाय टाकला, गाडी नीट गरम होईपर्यंत चालवली आणि रात्री गॅरेजचा दिवा बंद करून बघितलं. सेन्सरच्या बुडाशी पिवळा-हिरवा झगझगीत ओघळ, तिथून सरळ खाली बेलहाउसिंगपर्यंत. सेन्सरची मागची बाजू थेट दिसत नाही, तिथे काडीचा आरसा लागतो, तो किटमध्ये द्यायला हवा होता.

दोन गोष्टी सांभाळा. हिरवं कूलंटसुद्धा यूव्हीखाली चमकतं, त्यामुळे होजच्या जोडापाशी दिसलेलं सगळं ऑइल समजू नका. आणि ऑइल भरताना किंवा फिल्टर बदलताना सांडलेलं पण चमकणार, या गाडीत फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला असतो त्यामुळे सांडतंच, ते लगेच पुसून घ्या. उलट डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये असल्यामुळे गिअर ऑइल चमकत नाही, म्हणजे बेलहाउसिंग ओली पण चमक नाही असं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलवर संशय घ्यायचा, हा फायदा मला फार मोठा वाटतो.

दुरुस्ती सोपी, जागा मात्र अडचणीची. सेन्सर १२ मिमी पान्याच्या एकाच बोल्टवर असतो, पण तो फिरला की इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बदलतं, म्हणून काढायच्या आधी सेन्सर आणि हेड दोन्हीवर खूण करायचीच. जुनी ओ-रिंग प्लास्टिकसारखी झाली होती, काढताना तुकडे पडले. नवी व्हायटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) घातली, ऑइल लावून. नंतर डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरने जोडून टायमिंग लाइटने टायमिंग १० डिग्रीवर आहे ना ते चेक केलं. खूण असली तरी हे करावं.

पण ओ-रिंग बदलल्यावर लगेच पार्टी करू नका, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू बाहेर काढणारा) बघा. काढून हलवला की खडखड वाजला पाहिजे. माझा वाजतच नव्हता. तो तुंबला की क्रँककेसमधलं (इंजिनच्या खालच्या पोटातलं) प्रेशर वाढतं आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं, आणि आपण एकामागून एक सील बदलत बसतो. व्हॉल्व्ह आणि त्याचं रबरी ग्रोमेट दोन्ही बदललं.

नंतर काही आठवड्यांनी परत टॉर्च मारला तर मागची बाजू कोरडी, पण व्हॉल्व्ह कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यात बारीक चमक. तिथे कॅम कॅपच्या (कॅमशाफ्ट धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) कडेला गॅस्केटसोबत थोडं सिलंट लागतं, आधीच्या कुणीतरी ते लावलंच नव्हतं. कव्हरचे बोल्ट ५ ते ९ न्यूटन मीटरवरच कसायचे, लीक थांबत नाही म्हणून जोर लावला की गॅस्केट दबून आणखी गळतं.

डायचा रंग ऑइल बदललं तरी लगेच जात नाही, थोडा राहतो, त्याने काही बिघडत नाही. टॉर्च साधारण आहे, उजेडात काही दिसत नाही, अंधार हवाच. सध्या फक्त पुढच्या क्रँक सीलला किंचित ओल दिसते. ते टायमिंग बेल्टसोबत करणार, तो ६०,००० मैलांना बदलायचाच असतो आणि तेव्हा पुढचं सगळं उघडलेलंच असतं, कॅमचे सील पण त्याच वेळी.